गाठीतला बिघाड म्हणजे घराण्यातला नव्हे

‘व्हीएचएल जनुक बिघडलेलं आढळलं की सगळ्या भावंडांची तपासणी करा’ हे मूत्रपिंडाच्या कॅन्सरवरच्या एका लेखातलं वाक्य विनाकारण घाबरवतं. मूत्रपिंडाच्या क्लिअर सेल कॅन्सरमध्ये बहुतेकांचा हा बिघाड फक्त गाठीच्या पेशींत असतो: गुणसूत्र ३ ची आखूड भुजा गळून एक प्रत जाते, दुसरी उत्परिवर्तनाने किंवा मिथायलेशनने (डीएनएवर बसणाऱ्या रासायनिक खुणेने) बंद पडते. मग एचआयएफ हे रक्तवाहिन्या वाढवायला लावणारं प्रथिन साचतं, रक्तवाहिन्या फोफावतात. त्याच भुजेवरची पीबीआरएम१, सेटडी२ आणि बॅप१ ही ट्यूमर सप्रेसर (गाठ रोखणारी) जनुकंही सोबत एकेक प्रत गमावतात, हे लेखात नाहीच. बॅप१ पूर्ण गेलं की गाठ सहसा जास्त आक्रमक.

वारशाची शंका कधी घ्यायची? वय ४६ च्या आत, दोन्ही मूत्रपिंडांत गाठी, डोळ्याच्या पडद्यावर किंवा लहान मेंदूत रक्तवाहिन्यांची गाठ. अशा वेळी जळगाव-धुळ्याहून मुंबईला नमुना धाडताना ब्लॉक (गाठीचा मेणात जपलेला तुकडा) पुरत नाही. वारशाचा बिघाड गाठीबाहेरच्या पेशींतही असतो, तो तिथेच शोधायचा. म्हणून जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए (रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत रक्त हवं. एप्रिल-मेच्या उन्हात ते बर्फाच्या पिशव्यांसोबत, पण न गोठवता. आणि काढलेलं मूत्रपिंड उभं चिरूनच त्याच्या दसपट फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) ठेवा. अख्खं बुडवलं तर आतला भाग सडतो, डीएनए तुटतो, आणि अहवाल येतो ‘नमुना अपुरा’.