दान वेगळं आणि व्यवहार वेगळा?

आज आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हार्वेस्ट होता. उपकारस्तुतीची भक्ती, आणि ती झाल्यावर अंगणात लिलाव. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते, लोक घरून भाजी, फळं, गहू, केक, लोणच्याच्या बरण्या आणून वेदीपुढे ठेवतात आणि मग त्यांची बोली लागते. पैसा चर्चच्या कामाला जातो. मला हा दिवस लहानपणापासून आवडतो. आज एक भोपळा अकरा हजारांना गेला. टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या.

संध्याकाळी कामवाली बाई आली. ती आमच्या मंडळीतल्या आणखी एका घरी धुणं-भांडी करते. त्या घरच्यांनीही आज जोरात बोली लावली होती (भोपळा घेणारे हे नव्हेत, त्यांच्यावर उगीच संशय नको). बाईच्या मुलाला डेंगू झाला होता, इथे इंदूरच्या एमवाय या सरकारी रुग्णालयात ठेवला होता. ती चार दिवस कामाला गेली नाही. तर त्या घरी चार दिवसांचे पैसे कापले, आणि उरलेल्या पगाराचं पुढच्या आठवड्यात बघू म्हणाले. तिने तक्रार अशी केलीच नाही. फरशी पुसता पुसता सांगितलं आणि विचारलं, “दीदी, पाँच सौ मिल जाएँगे क्या?”

तिला विचारून मी त्या घरच्या ताईंना फोन केला. भांडायला नाही, नुसतं बोलायला. त्या शांतपणे म्हणाल्या, “अगं, दान वेगळं आणि व्यवहार वेगळा. त्यात प्रभूला कशाला आणतेस?”

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. प्रभूला कशाला आणतेस? मग आणायचं कुठे? फक्त लिलावात?

माझे बाबा रंगकामाचे छोटे ठेकेदार होते. चुना, डिस्टेंपर, दारं-खिडक्यांना ऑइल पेंट. हाताखाली पाच-सात माणसं, बहुतेक झाबुआ-धारकडची. शनिवारी संध्याकाळी ती आमच्या ओट्यावर बसायची, घासलेटात बुडवलेल्या चिंधीने कोपरापर्यंत पेंट पुसायची, आणि बाबा लांबट वही मांडीवर घेऊन एकेकाचा हिशेब करायचे. पैसे हातावर ठेवले की म्हणायचे, “गिन ले.” तो मोजेपर्यंत पुढच्याला हाक मारायची नाही. ज्याला मोजता येत नसे त्याच्यासमोर नोटा ओट्यावर एकेक करून मांडायचे. हे सगळं उरकेपर्यंत स्वतः चहासुद्धा घ्यायचे नाहीत. आई आतून दोनदा हाक मारायची, तरी नाही. “यांचं दिवस मावळायच्या आत द्यायचं असतं,” एवढंच म्हणायचे.

चर्चमध्ये बाबा मागच्या बाकावर बसत. साक्ष द्यायला, म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल सगळ्यांसमोर सांगायला, कधी उभे राहिले नाहीत. पाळकांनी प्रार्थना करायला सांगितली की दोन वाक्यं आणि आमेन. पंचांत, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्यांत, त्यांना कोणी घेतलं नाही, त्यांनी मागितलंही नाही. मोठेपणी बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा २४वा अध्याय वाचला तेव्हा मला कळलं की ते दिवस मावळण्याचं वाक्य त्यांच्या मनचं नव्हतं. गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्यायची, कारण त्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो, असं तिथे सरळ लिहिलं आहे. लेवीय १९:१३ तेच सांगतं, मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नका. याकोबाचा ५वा अध्याय तर उघड म्हणतो की अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ते ओरडणं परमेश्वराच्या कानी जातं. आणि म्हणे व्यवहार वेगळा!

लिलाव बंद करा असं मी म्हणत नाही. छत गळतं, दुरुस्तीला पैसा लागतो, तो आकाशातून पडत नाही. मान्य. पण येशूने परूश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी धर्मपुढाऱ्यांना, काय सुनावलं ते मत्तय २३ मध्ये काढून बघा. पुदिना, शेप, जिरे यांचा दशमांश अगदी चोख देता, आणि न्याय, दया, विश्वास हे महत्त्वाचं सोडून देता. तो दशमांश देऊ नका असं म्हणाला नाही. तेही करा आणि हेही करा, म्हणाला. आपण सोपं तेवढं उचललं.

काही जण लगेच लिहितील की तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने आहे, कर्मांनी नाही. हो, इफिस २:८-९. मलाही पाठ आहे, संडे स्कूलमध्ये मीच शिकवते. पण लगेच पुढचं १०वं वचनही त्याच पानावर आहे, की आपल्याला सत्कृत्यांसाठी निर्माण केलं. ते कधी कोणी भिंतीवर लावलेलं मी पाहिलं नाही.

बाबांची आणखी एक गोष्ट. एका वर्षी होळीच्या तोंडावर एका बंगल्याचं काम संपलं आणि मालकांनी सांगितलं, पैसे होळीनंतर. इकडे माणसांना भगोऱ्याला गावी जायचं होतं. झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानीकडे होळीच्या आधीच्या आठवड्यात भगोऱ्याचे हाट भरतात. वर्षभर शहरात राबणारा माणूस काहीही झालं तरी त्यासाठी घरी जातो. बायका-मुलांसमोर रिकाम्या हाताने कसा उभा राहील? बाबा आत आले, आईशी हळू काहीतरी बोलले. मी मोरीच्या दारात होते. आईने मनगटाला साबण चोळला. पाटल्या निघेनात. हाडाजवळची कातडी लाल झाली, तरी ती ओढत राहिली. निघाल्या तेव्हा तिने त्या धुतल्या, पदराने पुसल्या आणि बाबांच्या हातावर ठेवल्या. तोंडातून शब्द नाही. बाबा सायकल काढून सराफ्यात गेले. त्या रात्री गंगवाल बसस्टँडवरून माणसं आपापल्या गावी गेली, सगळ्यांच्या खिशात पूर्ण पैसे होते.

बंगल्याचे पैसे आले ते पावसाळा लागायच्या सुमाराला.

आई आठवडाभर बाबांशी कामापुरतंच बोलली. तिचा राग खोटा नव्हता, त्या तिच्या माहेरच्या पाटल्या होत्या. पण मजुरांना थांबायला सांगा, असं ती एकदाही म्हणाली नाही. ज्याने पैसे अडवले त्याच्यावर ती चिडली होती, ज्यांचे अडले त्यांच्यावर नाही. हा फरक आज आपल्याला कळेनासा झाला आहे का?

इंदूरच्या माणसाला तरी हे शिकवावं लागू नये. इथली हुकुमचंद कापड मिल बंद पडली आणि कामगारांच्या देण्यासाठी तीस वर्षांहून जास्त काळ गेला. २२४ कोटींचा चेक निघाला तो २०२३ च्या २५ डिसेंबरला, जवळपास ४,८०० कामगारांसाठी. त्यातले कितीतरी जण तोवर वारले होते. आपण सगळे त्या सकाळी नवे कपडे घालून चर्चमध्ये होतो. गोठ्यात जन्मलेला आणि सुतारकाम केलेला प्रभू! त्याने स्वतः किती वेळा कोणाच्या दारात मजुरीसाठी वाट पाहिली असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आणि सिस्टर राणी मारिया? त्या कॅथलिक नन, देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला आदिवासी आणि गरीब शेतकऱ्यांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवत होत्या, म्हणून १९९५ च्या २५ फेब्रुवारीला इंदूरला येणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. २०१७ साली इथे इंदुरातच त्यांना धन्य घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी. त्यांच्या सख्ख्या बहिणीने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. आमच्यातले काही म्हणतात, त्या कॅथलिक, आपला काय संबंध. मला हे ऐकवत नाही. गरिबाच्या हिशेबाच्या वहीत शिरण्यासाठी त्यांनी जीव दिला आणि आपल्याला पगाराच्या तारखेत शिरायचं नाही.

दिवस कठीण आहेत, हेही खरं. १९६८ पासून आपल्या मध्य प्रदेशात धर्मांतरावर बंधनं घालणारा कायदा आहे, २०२१ मध्ये नवा आला. पत्रक वाटायला, कोणाच्या घरी प्रार्थनेला जायला लोक बिचकतात. मीही बिचकते. “साक्ष द्यायची कशी?” हा प्रश्न तरुण संघाच्या प्रत्येक सभेत येतो. अरे बाळांनो, बाईचा पगार एक तारखेला द्यायला कोणत्या कायद्याने अडवलं आहे? तिचं पोर तापाने फणफणलं असताना पैसे न कापायला कोणाची परवानगी लागते? गेटवरच्या चौकीदाराचं नाव विचारायला?

एवढं लिहून थांबले होते. पाणी प्यायले.

ज्या ताईंबद्दल लिहिते आहे त्या वाईट नाहीत. माझी आई शेवटच्या आजारपणात होती तेव्हा त्यांनी हॉस्पिटलमध्ये माझ्याऐवजी रात्री जागून काढल्या आहेत, आईचे पाय चेपले आहेत, घरून मऊ भात आणला आहे. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणूनच जास्त लागलं. जी बाई परक्याच्या आईसाठी रात्रभर जागते, तिला स्वतःच्या मोरीत भांडी घासणारी दिसत नाही, हे कसं होतं? मला वाटतं आपल्याला कोणी सांगितलंच नाही. प्रवचनात विधवेने दान केलेल्या दोन टोल्या, म्हणजे अगदी लहान नाणी, येतात, चांगला शोमरोनी येतो. मत्तय २० मधले, उशिरा येऊनही सारखीच मजुरी मिळालेले मजूर आले की लगेच देवाच्या कृपेवर उडी. कृपा आहेच तिथे. पण धनी संध्याकाळ होताच कारभाऱ्याला बोलावून मजुरी द्यायला सांगतो, तेही तिथेच आहे. उद्या बघू म्हणत नाही. सकाळी मजूर चौकात कामाची वाट बघत उभी असलेली माणसं आपण रोज पाहतो. त्या दाखल्याचा अर्थ आपल्याइतका कोणाला कळायला हवा?

बाया न सांगता सुट्ट्या घेतात, कधी खोटंही बोलतात. माहीत आहे मला, माझ्याकडेही झालं आहे. पण डेंगूचा रिपोर्ट खोटा नव्हता, आणि आपण ऑफिसात आजारपणाची रजा घेतो तेव्हा आपला पगार कोणी कापत नाही.

पंचांच्या पुढच्या सभेत मी लेखी विचारणार आहे की आपल्या चर्चचा चौकीदार आणि झाडणारी बाई यांना महिन्याच्या कोणत्या तारखेला पैसे मिळतात, आजारपणात कापतात का, आणि नाताळला त्यांना काय देतो. उत्तर चांगलं असेल तर मी सगळ्यांसमोर आभार मानेन. नसेल तर आजच्या लिलावाच्या पैशातून सुरुवात करता येईल, भोपळ्याचे अकरा हजार आहेतच.

त्या ताईंकडे मी उद्या पुन्हा जाणार आहे. मत्तय १८ मध्ये आधी एकट्याने भेटून बोलायला सांगितलं आहे, आणि फोनवर बोलणं म्हणजे भेटणं नव्हे. म्हणून कृपा करून खाली नाव विचारू नका, इनबॉक्समध्येही नको, अंदाजही बांधू नका. बाईबद्दल तर काहीच नको, तिला उद्या सकाळी त्या घरी भांडी घासायला जायचं आहे.