गुरुजींचा लाख आणि स्टाफरूममधले पाच पगार

सोलापुरात सध्या एक मेसेज ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. अपार्टमेंटच्या ग्रुपवर येतो, दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर येतो, आणि ज्याने पाठवला तो खाली हात जोडल्याचं चित्र टाकून मोकळा होतो. मजकूर थोडक्यात असा:

"झेडपीच्या गुरुजीला महिना लाख रुपये. काम दिवसाला पाच तास. वर्षातले सहा महिने सुट्टी. रिटायर झाल्यावर घरबसल्या निम्मा पगार. त्याच गावातली इंग्लिश मीडियमची मॅडम दहा हजारांत याच्यापेक्षा चांगलं शिकवते. यंत्रमागावर बारा तास उभ्या राहणाऱ्या बापाच्या पैशातून हे पोसले जातात आणि यांची स्वतःची पोरं खासगी शाळेत. पगार निम्मा करा."

मी शिक्षक नाही. इन्कम टॅक्स रिटर्न भरून द्यायचं काम करतो आणि माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त शिक्षक असतात. फेब्रुवारी लागला की टेबलावर पगारपत्रकांचे गठ्ठे पडतात. गुरुजी लोकांबद्दल मला फार उमाळा आहे असंही नाही. फी द्यायला सगळ्यात जास्त घासाघीस तेच करतात. पण त्यांचा पगार मला रुपया-पैशात माहीत असतो, म्हणून हे लिहितोय.

"महिना लाख रुपये"

मिळतो. काही जणांना नक्की मिळतो, नाही म्हणण्यात अर्थ नाही. पण हिशोब मांडून बघा. सातव्या वेतन आयोगात प्राथमिक शिक्षकाची श्रेणी २९,२०० रुपये मूळ वेतनापासून सुरू होते. ५५ टक्के महागाई भत्ता धरला तर १६,०६०. खेड्यातल्या शाळेला १० टक्के घरभाडे, म्हणजे २,९२०. वर प्रवास भत्ता. सगळं मिळून एकोणपन्नास-पन्नास हजार. त्यातून पेन्शन योजनेचे साडेचार हजार आणि व्यवसाय कर गेला की हातात पंचेचाळीसच्या आत. वर्षाला तीन टक्के वाढ धरली तर मूळ वेतन साठ हजारांच्या घरात जायला चोवीस वर्षं लागतात. तेव्हा कुठे याच भत्त्यांनी तो लाख दिसतो. बारा वर्षांनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी वेळेवर मिळाली तर थोडा आधी.

म्हणजे मेसेजमधला लाख हा पन्नाशीकडे झुकलेल्या गुरुजींचा आहे. चोवीस-पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या कुठल्याही सरकारी माणसाचा आकडा काढा, असाच निघेल.

खरी गंमत पुढे आहे. शहरातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेतल्या पाच जणांचे कागद एकदा एकाच आठवड्यात माझ्याकडे आले. पाचही जण नववी-दहावीला शिकवतात, तास सारखेच, पेपर तपासायचे गठ्ठे सारखेच. पहिले सर २००५ च्या आधीचे, पूर्ण पगार आणि जुनी पेन्शन. दुसऱ्या मॅडम २००५ नंतरच्या, पूर्ण पगार, पण जुनी पेन्शन नाही. तिसरा पवित्र पोर्टलवरून, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन शिक्षकभरतीतून लागलेला शिक्षणसेवक: महिना १८,००० मानधन, तीन वर्षं तेवढंच, महागाई भत्ता शून्य. त्याला टॅक्स भरायचाच नव्हता, गाडीच्या कर्जासाठी रिटर्न हवं होतं. चौथ्या सरांची तुकडी २० टक्के टप्प्यावर, म्हणजे सरकार पगाराचे वीस टक्केच देतं. माध्यमिकची श्रेणी ३८,६०० पासून सुरू होते, शहराचं २० टक्के घरभाडे धरून पूर्ण पगार सदुसष्ट हजारांच्या पुढे जातो, त्याचा पाचवा हिस्सा म्हणजे साडेतेरा हजार. पाचवा तासिकेवर, त्याला संस्था देईल ते.

मेसेज लिहिणाऱ्याने पहिल्या सरांची स्लिप घेतली आणि पाचही जणांच्या तोंडावर मारली.

शिक्षणसेवकाचं जरा सविस्तर सांगतो, कारण हे लोकांना ठाऊकच नसतं. ही पद्धत २००० साली आली. प्राथमिकच्या सेवकाला सुरुवातीला तीन हजार होते. २०१२ ला सहा हजार झाले आणि पुढची दहा वर्षं सहा हजारच राहिले. २०२३ च्या जानेवारीपासून प्राथमिकला १६, माध्यमिकला १८ आणि उच्च माध्यमिकला २० हजार झाले. डीएड, टीईटी ही पात्रता परीक्षा, मग टेट ही भरतीची परीक्षा देऊन पोरगा परजिल्ह्यातून करमाळ्यात किंवा सांगोल्यात येतो, खोली करून राहतो आणि सोळा हजारांत तीन वर्षं काढतो. गावात मात्र त्याचं नाव "लाखवाले गुरुजी"च.

विनाअनुदानितवाल्यांची कथा तर याहून लांब. २००१ मध्ये सरकारने नव्या शाळांना "कायम विनाअनुदानित" करून टाकलं, म्हणजे अनुदान कधीच नाही. २००९ मध्ये त्यातलं "कायम" काढलं. वीस टक्के पैसे यायला २०१६ उजाडलं. त्या काळात शाळेत लागलेल्या माणसाने लग्न केलं, पोरं मोठी केली, सकाळी दूध घातलं, संध्याकाळी शिकवण्या घेतल्या, आणि मधल्या वेळेत फुकट भूगोल शिकवला. पुढचा टप्पा मिळावा म्हणून हेच लोक जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर पावसात बसले होते.

आणखी एक खर्च पगारपत्रकात दिसत नाही. संस्थेत लागण्यासाठी दिलेले पैसे. याची पावती नसते, पण पतसंस्थेच्या कपातीचा रकाना बघितला की कळतं. तीस-बत्तीस वर्षांच्या सरांच्या पगारातून एवढा मोठा हप्ता जातोय, घर नाही, गाडी जुनीच, मग कर्ज कशाचं? मी विचारत नाही. तेही सांगत नाहीत. सगळेच शिक्षक यात बिचारे आहेत असं नाही. नागपूरचा बोगस शालार्थ आयडीचा (शिक्षकांचा पगार ज्या ऑनलाइन नोंदीवर निघतो तिचा) घोटाळा २०२५ मध्ये सगळ्यांनी वाचला. पण लाखाच्या गप्पा मारताना तो हप्ताही मोजा की.

"काम दिवसाला पाच तास"

शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास धरलेत, तयारीसकट. कागदावरची गोष्ट कागदावर राहू द्या. मी एकदा सहीसाठी दक्षिण सोलापुरातल्या एका झेडपी शाळेत गेलो होतो. पहिली ते चौथी, पट ३७, शिक्षक दोन. हे नियमानेच आहे, साठपर्यंत पटाला दोन शिक्षक. त्यातले मुख्याध्यापक तालुक्याला मीटिंगला गेलेले. उरलेल्या सरांनी चारही वर्ग एका खोलीत घेतलेले. चौथीला गणितं घालून दिली होती, तिसरी शुद्धलेखन लिहीत होती, आणि पहिलीच्या पोरांना सर चित्र दाखवून कन्नडमध्ये विचारत होते, "इदु येनु?" म्हणजे हे काय? पोरं ओरडली, "आकळु!" सर म्हणाले, "आकळु म्हणजे गाय. ग, गायीचा." त्या पोरांच्या घरात मराठीचा शब्द नाही, पुस्तक मराठीचं. अक्कलकोट, दक्षिण सोलापुरात हे कन्नडचं, आणि शहराच्या पूर्व भागात तेच तेलुगूचं. दोन भाषांत शिकवायचे पैसे कुठल्या श्रेणीत मिळतात ते मला तरी कुठल्या स्लिपवर दिसलं नाही.

मधेच खिचडीवाल्या मावशी आल्या. मुलामागे शंभर ग्रॅम तांदूळ, म्हणजे ३७ पोरांचे ३ किलो ७०० ग्रॅम. सरांनी तांदूळ तोलून दिला, साठा नोंदवहीत लिहिला. खिचडी झाल्यावर आधी स्वतः खाऊन बघितली, चव नोंदवहीत सही केली, मोबाइलवर हजेरी भरली. तेवढ्यात केंद्रप्रमुखांचा फोन: आधार न जुळलेल्या मुलांची यादी चारच्या आत पाठवा. माझ्या फॉर्मवर सही त्यांनी भिंतीला कागद टेकवून केली. तोवर चौथीने गणितं संपवून मारामारी सुरू केली होती.

बाकीची कामं वेगळीच. कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला इतर काम देता येत नाही. प्रत्यक्षात २०२३ मध्ये निरक्षरांचं सर्वेक्षण आलं, जानेवारी २०२४ मध्ये मागासवर्ग आयोगाचं घरोघरचं सर्वेक्षण आलं. ऊसतोड सुरू झाली की मजुरांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर जाऊन शाळाबाह्य मुलं शोधायची. आणि बीएलओचं, म्हणजे मतदारयादीचं काम तर बारमाही.

सगळे गुरुजी असे राबतात का? नाही हो. शाळेत सही करून शेताकडे जाणारे मला माहीत आहेत, शेअर बाजाराचं स्टेटमेंट पगाराहून जाड असणारेही आहेत. त्यांचा पगार त्या खिचडीवाल्या सरांइतकाच, एखाद्याचा जास्तच. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, तेव्हा "बाकीच्यांना का जमत नाही" असंही लोकांनी विचारलं. माढा तालुक्यातल्या झेडपी शाळेतला माणूस जगात पहिला आला आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्याने उरलेल्या नऊ जणांत वाटली. पण त्याची कदर परदेशातल्या एका फाउंडेशनने केली. आपल्या पगारपत्रकात चांगलं शिकवण्याचा रकानाच नाही. वाईट शिकवण्याचाही नाही. मेसेजवाल्याने इथे बोट ठेवलं असतं तर मी दोन्ही हात वर करून पाठिंबा दिला असता.

घरभाड्याचंही तसंच. मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावीच राहतो म्हणून ग्रामसभेचा ठराव जोडायचा आणि राहायचं शहरात जुळे सोलापूरला, हे चालतं. २०२२ मध्ये विधानसभेतही हा विषय निघाला होता. आरोप खरा आहे. रक्कम मात्र नव्या शिक्षकाला महिना तीन हजारांच्या आत.

"सहा महिने सुट्टी"

शाळांच्या नियमांत वर्षाच्या सगळ्या सुट्ट्या मिळून जास्तीत जास्त ७६ दिवस. त्यात ५२ रविवार मिळवा: १२८. सहा महिने म्हणजे १८२. बाकी दिवस मेसेजवाल्याने कुठून आणले? शिवाय इतर कर्मचाऱ्यांना वर्षाला तीस दिवस अर्जित रजा मिळते, तशी शिक्षकांना मिळत नाही. मेमधल्या सुट्टीचं म्हणाल तर ७ मे २०२४ ला सोलापूर आणि माढ्याचं मतदान होतं. त्या उन्हात पेट्या घेऊन कोण निघालं होतं ते केंद्राबाहेरच्या रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही विचारा.

"घरबसल्या निम्मा पगार"

१ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्यांना. नंतरच्यांचे दरमहा दहा टक्के कापले जातात, सरकार चौदा टक्के घालतं आणि पुढचं बाजारावर. मार्च २०२३ चा संप त्यासाठीच होता. त्यानंतर सरकारने सुधारित पर्याय पुढे आणले. सगळ्यात वाईट अवस्था २००५ पूर्वी लागलेल्या, पण शाळेला शंभर टक्के अनुदान नंतर मिळालेल्या शिक्षकांची. नोकरी जुनी, पेन्शन नवी, आणि कोर्टाच्या तारखा.

"मॅडम दहा हजारांत शिकवते"

हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण या मॅडमही माझ्याकडे येतात. बीएड झालेल्या, इंग्रजी चांगलं, वर्गात पन्नास पोरं. एकीचं बँक स्टेटमेंट बघत होतो. दर महिन्याच्या सात तारखेला एकवीस हजार जमा, आठ तारखेला नऊ हजार रोख काढलेले. महिनोन् महिने तोच आकडा. म्हटलं, "मॅडम, हे दर महिन्याला नऊ हजार कशाला काढता?" त्या नुसत्या हसल्या. संस्थेच्या ऑफिसात नेऊन द्यावे लागतात, एवढंच म्हणाल्या. फॉर्म १६ वर एकवीसच.

मान्यताप्राप्त खासगी शाळांच्या नोकरांसाठी महाराष्ट्रात १९७७ चा कायदा आहे, १९८१ ची नियमावली आहे, तिला वेतनश्रेणीचं परिशिष्ट आहे. बाईला दहा-बारा हजार मिळतात ते तिचं काम तेवढ्याच लायकीचं आहे म्हणून नव्हे. तिला नोकरी सोडून जायला दुसरी जागा नाही म्हणून. लूट झालेल्या माणसाची पावती दाखवून शेजाऱ्याला "तूही एवढ्यातच भागव" म्हणायचं, हा कुठला न्याय? आणि ती "जास्त चांगलं शिकवते" याचा पुरावा काय, तर पोरगं टाय लावून जातं.

"यंत्रमागावर उभ्या बापाच्या पैशातून"

त्या बापाची मजुरी कमी आहे, हे कारखानदारांच्या ग्रुपवर टाका. त्याचं पोरगं महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेतच आहे. तिथल्या गुरुजींचा पगार निम्मा केला तर मागवाल्याची मजुरी रुपयाने वाढत नाही. वाढते ती शिकवणीची फी, कारण गुरुजी मग तिकडे वळतात. विनाअनुदानितच्या काळात हेच झालं.

"यांची पोरं खासगी शाळेत"

याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण ते बहुतांशी खरं आहे. ८०सीच्या सवलतीसाठी शाळेच्या फीच्या पावत्या लागायच्या, त्यामुळे कुणाचं पोर कुठे आहे ते मला पाठ होतं. झेडपीच्या गुरुजींच्या पावत्या इंग्लिश मीडियमच्या. नवी करप्रणाली आल्यापासून पावत्या यायच्या कमी झाल्या, पोरं तिथेच आहेत. त्यातल्या एका पावतीवर त्या एकवीस हजारवाल्या मॅडमच्या शाळेचा शिक्का होता. वर्षाची फी पंचेचाळीस हजार. पन्नास पोरांचा वर्ग, म्हणजे एका वर्गाची साडेबावीस लाख. मॅडमच्या हातात वर्षाला पडतात एक लाख चव्वेचाळीस हजार.