पुस्तक छापायला गेलंय

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतली आमची कंपनी छोट्या विमानांसाठी इंटरकॉम बनवते, म्हणजे विमानातल्या माणसांना हेडफोन-माइकवरून एकमेकांशी बोलता यावं म्हणून लागणारा डबा. डबा वेळेवर जातो, त्याचं मॅन्युअल जात नाही. मग फोन येतो, "डबा मिळाला, पुस्तक कुठाय?" आमच्यातला जो फोनजवळ सापडेल तो म्हणतो, "छापायला गेलंय, साहेब." मॅन्युअलची पीडीएफ असते, ती कुठेही छापायला जात नाही, हे साहेबांनाही ठाऊक असतं. एकानं तर अगदी शांतपणे विचारलं, "या सिंहस्थाला मिळेल की पुढच्या?"

गिऱ्हाईक उगाच चिडत नाही. डब्यामागे २५ पिनांचा कनेक्टर असतो. त्याच्या वरच्या ओळीत १ ते १३, खालच्या ओळीत १४ ते २५. समोरून पाहिलं तर हा क्रम एका दिशेनं जातो, वायर घालायच्या बाजूनं पाहिलं तर नेमका उलटा. चित्राखाली 'वायरच्या बाजूनं' एवढं लिहायचं राहिलं की १ ची वायर १३ मध्ये जाते, १४ ची २५ मध्ये. बरोबर बसतो तो फक्त ७ नंबर, कारण तो बिचारा मधोमध असतो. कनेक्टरवर आकडे कोरलेले असतात खरे, पण ते वाचायला घड्याळजीचं भिंग लागतं. मग बॅटरीचे १२ व्होल्ट माइकच्या पिनेत शिरतात आणि डबा आमच्याकडे परत येतो. त्याचं निदान मीटर न लावता, नुसत्या वासावर होतं.

जॅकचं, म्हणजे हेडफोन-माइकची पिन जिथे खुपसायची त्या सॉकेटचं, दुखणं निराळं. कानाचा जॅक ६.३५ मिलिमीटरचा, माइकचा साधारण ५.२ चा. धातूच्या पॅनेलला दोन्ही बाजूंनी फायबरचे वॉशर लागतात, आणि छिद्र जॅकच्या नव्हे, वॉशरच्या खांद्याच्या मापाचं पाडायचं असतं. मॅन्युअल हातात नसलं की माणूस जॅकच्या मापाचं छिद्र पाडतो. वॉशरचा खांदा काही आत जात नाही, म्हणून वॉशर जातो खिशात. जॅक पत्र्याला टेकतो, ग्राउंडला, म्हणजे विजेच्या परतीला, दोन वाटा मिळतात आणि कानात इंजिनावर वीज बनवणारा अल्टरनेटर केकाटू लागतो. इंजिन वाढवाल तसा सूर चढतो. शिल्ड वायरच्या, म्हणजे खरखर अडवायला वायरभोवती विणलेल्या, जाळीचंही तेच. ती इंटरकॉमच्या टोकालाच जोडायची, जॅककडे मोकळी ठेवायची. पण अर्थिंग जितकं जास्त तितकं चांगलं, या घरगुती न्यायानं ती दोन्हीकडे डकवली जाते.

एवढं सगळं ठाऊक असून मॅन्युअल का अडतं? डिझाइन करणाऱ्याला लिहायला बसवलं तर तो एकच वाक्य लिहितो: 'योग्य ती जोडणी करून घ्यावी.' आम्ही पान १४ वर 'बटण तीन सेकंद दाबा' असं लिहिलं, की त्याच दुपारी सॉफ्टवेअरवाले ते दोन सेकंद करून टाकतात. उरलंसुरलं ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेल्या काकांकडे तपासायला जातं. लढाऊ विमानांच्या कागदपत्रांत हयात घालवलेला माणूस! 'स्क्रू घट्ट आवळा' यावर लाल पेन्सिल: "घट्ट हे काय माप आहे?" की आम्ही निघालो टॉर्क रेंच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना, शोधायला. काकांचं बरोबर असतं, हाच खरा त्रास.

आता डब्यातच एक पान घालतो. त्यावर कनेक्टर दोन्ही बाजूंनी काढलेला, वायरची जाडी, ब्रेकरचे अँपिअर, जॅकच्या छिद्राचं माप, आणि कोपऱ्यात आवृत्तीचं अक्षर, तारीख, कोणत्या सिरियल नंबरपासून लागू ते. एवढ्यावर वायरिंग उरकतं. मेनूची पानं मागाहून आली तरी विमान हँगरात अडून राहत नाही. फोनवर 'लवकरच' म्हणायला बंदी आहे. कोणतं पान कोणाच्या टेबलावर अडलंय, ते सांगायचं.

त्यामुळे हल्ली गिऱ्हाईक आम्हाला विचारतच नाही, परस्पर सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावतं. सॉफ्टवेअरवाले सांगतात, "काकांकडे गेलंय."