गाडीची किंमत आणि जाण्यायेण्याची किंमत

गेले तीन आठवडे आमच्या सांगलीच्या शाळेच्या दहावीच्या वर्गमित्रांच्या ऑनलाइन गटावर एकच वाद चालू आहे, आणि इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत बसून तो वाचताना मला रोज नव्याने राग येतो. आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीची मुलगी अकरा वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. मान आणि पाठ सावरणारी तिची व्हीलचेअर घडी होत नाही, त्यामुळे ती रिक्षात जात नाही. आई मुलीला उचलून रिक्षात बसवते, खुर्ची घरीच राहते आणि शाळेत मुलीला साध्या खुर्चीला ओढणीने बांधून बसवावे लागते. आम्ही काही जणांनी वर्गणी काढून मारुतीची जुनी ईको व्हॅन घ्यावी, तिला मागून उतार बसवावा आणि आरटीओत तशी नोंद करून घ्यावी, असे सुचवले. अंदाज साडेचार लाखांचा होता. त्यावर एकाने लिहिले, "एका मुलीसाठी साडेचार लाख? तेवढ्यात दहा मुलांची फी भरता येईल. मिरजेला फिजिओथेरपीला जायला वडाप आहे, रिक्षा आहे."

ज्याला वडापच्या जीपमध्ये आठवा माणूस म्हणून स्वतःच्या पायांनी चढता येते, त्यालाच हे वाक्य सुचू शकते. दहा मुलांच्या फीचा हिशेब मला मुळीच पटत नाही, कारण ती दहा मुले शाळेच्या दारापर्यंत पोहोचतात. या मुलीचा प्रश्न दारापर्यंत पोहोचण्याचाच आहे. तिचे वजन वर्षाला तीन-चार किलोंनी वाढते आहे आणि आईची कमर वर्षागणिक अधिक दुखते आहे. या दोन गोष्टी जिथे एकमेकींना गाठतील, त्या दिवशी तिची शाळा सुटेल.

माझ्या शेजारच्या घरात याच वयाचा, जवळजवळ अशाच अवस्थेतला मुलगा आहे. सकाळी त्याची आई गाडीचा मागचा उतार उघडते, खुर्चीसकट त्याला आत ढकलते, चार पट्ट्यांनी खुर्ची गाडीच्या तळाशी जखडते आणि निघते. तिने त्याला उचललेले मी कधी पाहिलेले नाही. ही गाडी मोटॅबिलिटी या इथल्या अपंगांसाठीच्या गाडी-योजनेतून पाच वर्षांच्या भाडेकरारावर मिळते. चालता न येणाऱ्या मुलाला वयाची तीन वर्षे पूर्ण झाल्यापासून जो प्रवासभत्ता मिळू शकतो, तो २०२५-२६ मध्ये आठवड्याला ७७.०५ पौंड होता. तो भत्ता योजनेकडे वळवला की विमा, देखभाल, टायर आणि वाटेत बंद पडल्यास मदत हे सारे त्यातच येते. त्यासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही आणि कोणाच्या सत्काराला उभे राहावे लागत नाही, असे मी गटावर अभिमानाने लिहिले.

ही व्यवस्था कशी घडली, हेही मी तिथे लिहिले, कारण आपल्या वादाचे उत्तर मला त्यात दिसते. एके काळी ब्रिटिश सरकार अपंगांना निळ्या रंगाची तीनचाकी गाडी देत असे. तीत एकच आसन होते आणि ती अपंग व्यक्तीने स्वतःच चालवायची होती. जे चालवू शकत नाहीत त्यांना, म्हणजे मुलांना, तिचा काडीचाही उपयोग नव्हता. १९७६ मध्ये वाहनाऐवजी रोख प्रवासभत्ता सुरू झाला, त्यात मुलेही आली, आणि त्या भत्त्यातून गाडी भाड्याने घेता यावी म्हणून १९७७ मध्ये मोटॅबिलिटीची स्थापना झाली. म्हणजे सरकारने वस्तू देणे सोडून जाण्यायेण्याचा खर्च देणे पत्करले. आपल्याकडे १९८१ पासून अपंगांना साधने देणारी केंद्र सरकारची एडिप योजना आहे. तिच्या शिबिरांत मंडपाखाली तीनचाकी सायकली ओळीने उभ्या असतात आणि पाहुण्यांसोबत छायाचित्रे निघतात. ज्याच्या हातांत बळ आहे त्याला त्या सायकलीने खरोखर मोकळे केले आहे, हे मी मानते. पण या मुलीचे हातही तिच्या ताब्यात नाहीत.

"हे सरकारचे काम आहे," असे गटावर दुसऱ्याने लिहिले. आहेच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे १६ वे कलम शाळांवर ही जबाबदारी टाकते की, दिव्यांग मुलांच्या आणि गरज असल्यास त्यांच्या सोबत्याच्याही जाण्यायेण्याची सोय करावी. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, असा निकाल दिला. अस्थिव्यंग असलेल्यांना लहान गाडीवर २८ ऐवजी १८ टक्के जीएसटीची सवलत होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्या सर्वांनाच १८ टक्क्यांत मिळू लागल्या आणि त्या सवलतीत सवलत म्हणावे असे काही उरले नाही. तेव्हा सरकारशी भांडले पाहिजे, हे मान्य. पण त्या भांडणाचा निकाल लागेपर्यंत ही मुलगी अकरा वर्षांची राहणार नाही.

मी इथपर्यंत लिहिल्यावर त्या पहिल्या वर्गमित्राने मला वेगळा संदेश पाठवला. "तू तिकडून पैसे पाठवशील, उचलायला आम्हीच असतो. गाडी चालवणार कोण? तिच्या वडिलांची पाळी सकाळची असते. पेट्रोल, विमा, टायर कोण बघणार? वर्षभराने ती गाडी दारात गंजलेली दिसेल आणि तुम्ही दुसऱ्या वर्गणीला लागलेले असाल."

मला दोन दिवस उत्तर देता आले नाही, कारण त्याला हे बोलण्याचा अधिकार आहे. माझा धाकटा भाऊ चालू शकत नाही. आई त्याला तिसरीपर्यंत कडेवर घेऊन शाळेत नेत असे. चौथीत तो तिला पेलेनासा झाला. लोक म्हणतात की आजारामुळे त्याचे शिक्षण थांबले; ते खरे नाही, त्याची शाळा वजनाने सुटली. मी पुढे शिकले आणि २००९ मध्ये इकडे आले. त्यानंतर भावाला दवाखान्यात न्यायचे असले की जो माणूस स्वतःची गाडी घेऊन येतो आणि त्याला दोन मजले पाठीवर उतरवतो, तो हाच वर्गमित्र आहे. मी त्याला गटावर सर्वांसमक्ष निर्दय म्हटले होते.

मी आणखीही काही लपवले होते. शेजारच्या कुटुंबालाही भत्ता पुरला नव्हता. व्हीलचेअरसकट जाता येईल अशा गाडीसाठी सुरुवातीला काही हजार पौंड भरावे लागले, ते परत मिळत नाहीत, आणि त्यासाठी त्यांनी धर्मादाय निधीकडे अर्ज केला होता. अर्जात घरातली प्रत्येक कमाई मांडताना ती बाई माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली होती. २०२५ मध्ये इथल्या वर्तमानपत्रांतून या योजनेतल्या महागड्या गाड्यांवर ओरड झाली, तेव्हाही ती कानकोंडी झाली होती. हे सारे मला ठाऊक होते. सांगलीकरांना मात्र मी फक्त उतार आणि चार पट्ट्या दाखवल्या, कारण मी निवडलेला देश बरोबर होता हे मला सिद्ध करायचे होते. सोळा वर्षे झाली, तरी ही गरज संपलेली नाही. भावाला मागे ठेवून मी आले, हे त्याच गरजेच्या तळाशी आहे.

तरीही मुलीला गाडी मिळालीच पाहिजे, या मतावर मी ठाम आहे. वर्गमित्राच्या प्रश्नांमुळे मागणी बदलली, एवढेच. आता मी गटापुढे वर्गणीऐवजी पाच वर्षांचा करार ठेवला आहे. गाडीची किंमत एकदाच. पण सकाळ-संध्याकाळच्या दोन फेऱ्यांसाठी चालकाचा पगार, आठवड्यातून दोनदा मिरजेची फिजिओथेरपी, विमा आणि दुरुस्ती हे दरमहा, बँकेतून आपोआप वळते होईल असे. बावीस जणांनी हजार-हजार दिले तरी ते भागते. परदेशात असलेल्या आम्ही चौघांनी अधिक द्यावे. आणि गाडीवर कोणाचेही नाव लिहिले जाऊ नये, हार घालून छायाचित्र काढले जाऊ नये. त्या मुलीने शाळेत जाण्याबद्दल कोणाचे आभार मानण्याचे कारण नाही.

आकडे मात्र मी वर्गमित्राकडेच मागितले, कारण सांगलीत चालक किती घेतो हे मला आता माहीत नाही. त्याने परवा रात्री वहीच्या पानावर लिहून पाठवले. चालकाच्या ओळीत त्याने फक्त सोमवार ते शुक्रवार धरले होते आणि शनिवारसमोर स्वतःचे नाव लिहिले होते. मी ते पान भावाला फोनवर वाचून दाखवले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले की रविवारी ती गाडी रिकामी असेल का. त्याला आयर्विन पुलावरून कृष्णेचे पाणी बघायचे आहे.