चंदन आणि रक्तचंदन: कुळच वेगळं

एका लेखात रक्तचंदनाला ‘चंदनाचीच एक जात’ म्हटलंय, ते चूक. चंदन सॅन्टालेसी कुळातलं. रक्तचंदन चक्क शेंगवर्गीय, बिबला या झाडाचं सख्खं भावंड. पानं बघा: चंदनाची साधी, समोरासमोर; रक्तचंदनाची बहुधा त्रिदली. आणि त्याच्या लाल गाभ्याला सुगंध जवळपास नसतोच.

लागवडीत खरी गोम मुळांत आहे. चंदन अर्धपरजीवी, शेजारच्या मुळांतून पाणी-क्षार ओढतं. जवळ आधी तूर, पुढे कायमचं सुरूचं झाड किंवा कडुनिंब नसेल तर रोप पिवळं पडून खुरटतं. लोक मात्र खत ओतत बसतात. रक्तचंदनाला असं पोसणारं शेजारी झाड (यजमान) लागत नाही, पण पाणी साचलं की संपलं.

रक्तचंदन निसर्गात मुख्यतः दक्षिण आंध्रातल्या शेषाचलम परिसरात. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ते ‘संकटग्रस्त’, चंदन ‘असुरक्षित’. शिवाय रक्तचंदन सायटीस या वन्यजीव-वनस्पती व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे, तेव्हा निर्यातीची स्वप्नं विकणाऱ्या नर्सरीवाल्याला आधी परवान्याचं विचारा.