लेकराला पहिल्यांदा विमानात नेताना: सगळं गणित पाजण्याच्या वेळेचं

विदर्भातल्या खेड्यापाड्यांतली बरीच लेकरं पहिल्यांदा विमानात बसतात ती एकाच कारणानं. लेक बाळंतपणाला माहेरी आलेली असते, सव्वा महिना होतो, बारसं होतं, तीन-साडेतीन महिने भरतात आणि पुण्याहून नाहीतर बेंगलोरहून जावयाचा फोन येतो, तिकीट काढू का? मग घरात चर्चा सुरू. शेजारची एखादी म्हातारी हमखास म्हणते, "इमानात लेकराचे कान फुटतात म्हणतात बाप्पा."

तसे कान फुटत नाहीत. धडधाकट, तीन महिन्यांपुढच्या लेकराला रात्रभर ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये हिंदकळत नेण्यापेक्षा दीड तासाचं विमान केव्हाही बरं, हे माझं स्पष्ट मत आहे. लेकरू कमी दिवसांचं असेल, वजन कमी असेल, श्वासाचा किंवा हृदयाचा त्रास असेल, तर मात्र तिकीट काढण्याआधी बालरोगतज्ज्ञांना विचारा.

खरी चूक होते ती दुसरीकडे. चार लोकांत कसं पाजायचं म्हणून घरातली मंडळी प्रवासापुरती बाटली सुरू करतात. कृपा करून हे करू नका. अंगावर पिणाऱ्या लेकरासाठी आईचं दूध हेच कानाचं औषध, तेच पाणी, तीच झोपेची गोळी. खिडकीजवळची सीट घ्या, शेजारी नवऱ्याला किंवा आईला बसवा, अंगावर एक सुती ओढणी घ्या. बाहेर खिडकी आणि आत घरचं माणूस, कोणाला काही दिसत नाही. बाटलीत उकळलेलं पाणी, निर्जंतुक बोंडलं, दुधाची पावडर, हे सगळं दिवसभर स्वच्छ ठेवणं आपल्या उन्हाळ्यात फार अवघड. लेकरू आधीपासूनच वरच्या दुधावर असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा पावडर मोजून कोरड्या डब्यांत आणि गरम पाणी घरच्या थर्मासमध्ये न्या. विमानात मागितलेलं पाणी कधीकधी कढत येतं. ते मांडीवर लेकरू असताना हातात घेऊ नका, आधी समोरच्या ट्रेवर ठेवायला सांगा.

आता कानाचं. चिखलदऱ्याचा घाट चढता-उतरताना कानाला दडे बसतात, ते आठवा. चिखलदरा साधारण साडेतीन हजार फुटांवर आहे. विमान तीस-पस्तीस हजार फुटांवर उडत असलं तरी आतला हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढा ठेवलेला असतो. म्हणजे वीस-पंचवीस मिनिटांत दुप्पट उंचीचा घाट चढायचा आणि तसाच उतरायचा. कानाच्या पडद्यामागून घशाकडे एक बारीक नळी जाते. चढताना आतली हवा त्या नळीतून आपसूक बाहेर पडते. उतरताना बाहेरची हवा आत जायला ती नळी उघडावी लागते, आणि ती उघडते गिळल्यावर. म्हणून जास्त दुखतं ते उतरताना. मोठा माणूस आवंढा गिळतो, लेकराला ते सांगता येत नाही. त्याच्या तोंडात दूध असलं की काम होतं.

वेळ चुकते ती इथंच. लेकरू रडू नये म्हणून आई बोर्डिंगच्या रांगेतच पोटभर पाजते. मग विमान हललं की ती पुन्हा पाजते, पण विमान धावपट्टीपर्यंत दहा-पंधरा मिनिटं नुसतं सरकत असतं. ते वर उठेपर्यंत लेकरू तृप्त होऊन झोपलेलं. त्यापेक्षा विमानतळावर लेकरू भुकेजलं तर थोडंच पाजा. विमान धावपट्टीवर वळून थांबलं, इंजिनाचा आवाज चढला, की मग घ्या. नागपूर-पुणे किंवा नागपूर-मुंबईत वर गेल्यापासून साधारण पाऊण तासात उतरण सुरू होते, जमिनीला टेकायच्या पंचवीस-तीस मिनिटं आधी. तेव्हा घोषणा होते, कानातही कळतं. लेकरू झोपेत असलं तरी हलकेच उचलून छातीशी धरा, झोपेतही ओढतं. आडवं पाजू नका, डोकं वर आणि पोटाला पोट. नाहीच घेतलं तर स्वच्छ बोट किंवा चोखणी द्या. रडलं तरी घाबरू नका, रडतानाही लेकरू गिळत असतं.

नाक चोंदलेलं असेल तर ही नळी सुजलेली असते, अशा वेळी दुखणं वाढतं. डॉक्टरांना विचारून नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब टाका, तेही उतरण सुरू व्हायच्या थोडं आधी. कान वाहत असेल किंवा ताप असेल तर तिकीट पुढं ढकला. सर्दीसाठी गळ्यात कापराची पुरचुंडी मुळीच नको, कापूर तान्ह्या लेकराला घातक असतो. तारीख ठरवताना लसीचं कार्डही पाहा. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लसीनंतर एक-दोन दिवस ताप येऊ शकतो. लस आणि प्रवास यांत तीन-चार दिवस सोडा.

कागदांकडे येऊ. दोन वर्षांखालचं लेकरू मांडीवर बसतं, त्याचं ठरावीक शुल्क लागतं, पण वयाचा पुरावा हवाच. जन्म दाखला सगळ्यांत चांगला. एकवीस दिवसांत नोंद केली की ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत काम सोपं होतं. बारसं व्हायचं असेल तर नावाशिवायही नोंद होते, नाव मागून घालता येतं. दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड आणि लसीचं कार्डही सोबत असू द्या, आणि फोटोवर विसंबू नका, मूळ कागद न्या. आपल्याकडची मोठी गफलत आईच्या नावाची असते. आधारवर माहेरचं नाव, जन्म दाखल्यावर सासरचं, आणि तिकीट काढणाऱ्यानं तिसरंच काहीतरी लिहिलेलं. आईचं तिकीट तिच्या हातातल्या ओळखपत्राप्रमाणेच काढा. लेकराला वेगळं तिकीट नको असं समजून त्याचं नाव टाकायचंच राहतं, मग काउंटरवर धावपळ. ज्या दिवशी लेकरू दोन वर्षांचं होतं त्या दिवसापासून त्याला स्वतःची सीट लागते, परतीच्या प्रवासालाही.

मोबाइलवर चेक-इन झालं तरी लेकरासोबत काउंटरवर जावं लागेल असं धरूनच निघा. देशांतर्गत विमानाचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. यवतमाळ किंवा चंद्रपूरहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास. एरवी तीन तास लागत असतील तर लेकरासह चार धरा, कारण पाजायला आणि लंगोट बदलायला दोनदा थांबणं आलंच. चालत्या गाडीत वाकून पाजू नका. गाडीत पुढच्या सीटवर लेकरू घेऊन बसायचं नाही, एअरबॅग उघडली तर आधी लेकरूच सापडतं. पहाटेचं विमान स्वस्त दिसतं, पण त्यासाठी रात्री बारा-एकला गाव सोडावं लागतं. ते घ्यायचंच असेल तर आदल्या रात्री नागपुरात नातेवाइकांकडे थांबा. मे महिन्यात उन्हं चढायच्या आत रस्ता उरकला पाहिजे. डिसेंबर-जानेवारीत सकाळचं धुकं विमानं लांबवतं, तेव्हा दुपारचं बरं. एसटीनं आलात आणि पुढं मेट्रो धरली तर एअरपोर्ट स्टेशन वर्धा रोडवर आहे, टर्मिनल आत. लेकरू नि सामान घेऊन पायी निघू नका, ऑटो करा.

सुरक्षा तपासणीत गावाकडचं सामान अडकतं. दृष्ट लागू नये म्हणून लेकराच्या दुपट्यात किंवा उशाशी सुरी, अडकित्ता ठेवतात, तो निघताना तसाच पिशवीत जातो. तपासणीत तो काढून घेतील. आजीचा अडकित्ता असेल तर कायमचा गेला म्हणून समजा. कमरेच्या करदोड्यातला चांदीचा घुंगरू, पायातले वाळे, गळ्यातला ताईत, यांवर यंत्र वाजतं. निजलेल्या लेकराचं झबलं वर करून दाखवावं लागतं आणि ते जागं होतं. करदोडा साध्या काळ्या दोऱ्याचा ठेवा, वाळे घरून निघतानाच डबीत घाला. बायकांची तपासणी पडद्याआड बाईच करते. लेकरू छातीला बांधलेलं असेल तर सोडावं लागतं. लेकरापुरतं दूध, पाणी, पेज आत नेऊ देतात, विचारलं की सरळ दाखवा. आणि निघताना ओटी भरतात ना, त्यातली खोबऱ्याची वाटी घरीच राहू द्या. सुकं खोबरं तेलकट, पेट घेणारं, म्हणून ते हातातल्या पिशवीतही चालत नाही आणि विमानाच्या पोटात जाणाऱ्या मोठ्या बॅगेतही नाही. अख्खा नारळही हातातल्या पिशवीत चालत नाही. ओटी तांदूळ, सुपारी आणि खणानं भरा. लोणचं हातात नको, मोठ्या बॅगेत घट्ट बांधून.

पिशवी एकच ठेवा, खांद्याला अडकणारी, हात मोकळे राहतील अशी. त्या दिवशी लंगोटाऐवजी डायपर सोयीचा, पण पहिल्यांदा प्रवासातच घालू नका. तीन-चार दिवस आधी घालून पुरळ येतं का ते पाहा. दर दोन-अडीच तासांना एक आणि वर तीन, असे धरा. लेकराचे कपडे दोन जोड, आईचा एक कुर्ता, पुढून बटणांचा. घाणेरडे कपडे बांधायला दोन पिशव्या. जुन्या लुगड्याचं दुपटं सगळ्यांत कामाचं, अंथरायला, पांघरायला, आडोशाला. बाहेर पंचेचाळीस अंश आणि आत गार हवा, त्यामुळं पातळ कपड्यांचे दोन थर आणि टोपडं. थंडी वाजते का ते हात लावून पाहायचं तर मानेमागं, लेकराचे तळहात एरवीही गारच असतात. डायपर विमानात चढायच्या आधी विमानतळावर बदला, विमानातल्या संडासात जेमतेम एक माणूस उभं राहतं.

विमानात हवाई सुंदरी एक छोटा जादा पट्टा देते. तो आईच्या पट्ट्यात ओवून लेकराच्या कमरेभोवती लावायचा. दिला नाही तर मागून घ्या. आईच्याच पट्ट्यात लेकराला घेऊ नका, झटका बसला तर आईचं सगळं वजन त्याच्यावर येतं. ऑक्सिजनचा मास्क खाली आलाच तर आधी आईनं लावायचा, मग लेकराला. ऐकायला निष्ठुर वाटतं, पण आईच बेशुद्ध झाली तर लेकराला मास्क लावणार कोण? दोघी जावा दोन तान्ही घेऊन निघाल्या असतील तर शेजारी-शेजारी बसायचा हट्ट धरू नका, एका रांगेत एका बाजूच्या सीटांवर जादा मास्क एकच असतो.

विमान थांबलं की सगळे एकदम उभे राहतात. तुम्ही बसून राहा. लेकराला छातीशी घ्या, टोपडं नीट करा, वाट मोकळी झाली की उतरा. सामानाच्या पट्ट्याकडे नवऱ्याला पाठवा आणि तोवर एका कोपऱ्यात बसून पुन्हा पाजा, कारण पुण्या-मुंबईत विमानतळ ते घर हाही एक ते दोन तासांचा रस्ताच आहे.