गटबाज पिस्टन

"एक आणि चार वर जातात तेव्हा दोन आणि तीन खाली का?"

काल संध्याकाळी मला हा प्रश्न विचारण्यात आला. विचारणाऱ्याचं नाव मला अजून ठाऊक नाही. मीटिंगमध्ये त्यांच्या चौकटीत नुसतं 'आयपॅड' लिहिलेलं होतं, कॅमेरा बंद होता आणि बाकीचे सगळे त्यांना 'सर' म्हणत होते.

काम असं, की एका कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमासाठी चार सिलिंडरचं इंजिन आतून चालताना अ‍ॅनिमेशनमध्ये दाखवायचं. 'एकदम रिअलिस्टिक' हे शब्द त्यांचेच, तेही ठळक अक्षरांत.

त्या 'एकदम'पायी माझे तीन आठवडे गेले. क्रँक, म्हणजे इंजिनाच्या तळाचा वाकडातिकडा दांडा, फिरवणं सोपं. पण पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं खालचं टोक क्रँकपिनला बांधलं आणि वरचं पिस्टनकडे वळवलं, की पिस्टन म्हणतो, मी रॉड सांगेल तिथे जाणार. आणि रॉड म्हणतो, मी पिस्टन असेल तिकडे बघणार. मग सॉफ्टवेअर 'डिपेंडन्सी सायकल' असं बजावून हात वर करतं. शेवटी पायथागोरसला शरण गेलो. क्रँकच्या कोनावरून पिस्टनची उंची थेट काढणारा ड्रायव्हर, म्हणजे सॉफ्टवेअरमधलं सूत्र, लिहिला, वर्गमुळासकट. क्रँक वरून पाव फेरी फिरला की पिस्टन बरोबर अर्ध्यावर असेल असं वाटतं ना? नसतो. रॉड तिरका झालेला असतो, त्यामुळे तो अर्ध्याच्या जरा खालीच उतरलेला असतो. माझाही उतरतो. हे बघून मी रात्री दोन वाजता एकटाच टाळी वाजवली होती.

पहिली क्लिप पाठवली तर उत्तर आलं, 'व्हिडिओ हँग झालाय.' झाला नव्हता. वेग त्यांनीच 1440 आरपीएम सांगितला होता, म्हणजे सेकंदाला 24 फेऱ्या. फिल्मही सेकंदाला 24 फ्रेमची. दर फ्रेमला क्रँकची अख्खी एक फेरी पुरी, म्हणून पिस्टन जागच्या जागी थिजलेले. व्हॉल्व्ह उघडणारा वरचा दांडा, कॅमशाफ्ट, क्रँकच्या अर्ध्या वेगाने फिरतो, त्यामुळे वरचे व्हॉल्व्ह तेवढे डोळे मिचकावत होते. मी हे समजावलं. "म्हणजे बिघाड तुमच्याकडेच आहे ना?" असं विचारण्यात आलं. मुकाट्याने वेग उतरवला.

तर काल आयपॅडसर.

"सर, क्रँकशाफ्टची रचनाच तशी असते. दोन वर, दोन खाली. त्याने तोल राहतो."

"पण बघणाऱ्याला काय दिसतं? दोन गट. आमच्याकडे ऑलरेडी दोन गट आहेत. त्यात तुम्ही स्टेजवर आणखी दोन दाखवणार?"

मीटिंगमध्ये कुणीतरी घाईघाईने आपला माइक बंद केला.

"बरं, आणि त्या ठिणग्या. एक, तीन, चार, दोन. दोन नंबरचा शेवटी का?"

"फायरिंग ऑर्डर आहे, सर."

"कुणाची ऑर्डर?"

इथे मी गप्प बसलो. प्रश्न इतका स्वच्छ होता की उत्तर देणं अपमानास्पद वाटलं. कुणाला, ते अजून ठरायचंय.

"असं करा," आयपॅड म्हणाला, "चौघांनाही एकदम वर न्या. एकदम खाली. ठिणगीही एकदम. टीमवर्क!"

"सर, असं इंजिन इतकं हादरेल की बोल्ट सुटतील."

"अहो, पण हे खरं इंजिन नाहीये ना?"

यावर बाकीचे हसले. मला राग आला तो खरं तर त्यांचाच. त्यातले निदान दोघं इंजिनिअर होते. तांत्रिक ड्रॉइंग मला त्यांनीच पाठवली होती आणि गेल्या आठवड्यात क्रँकपिनच्या दोन मिलिमीटरवरून माझ्याशी अर्धा तास वाद घातला होता. काल ते अंगठ्याचे इमोजी टाकत होते.

बदल करायला मला तीन मिनिटं लागली. चार सिलिंडर, चार कोनांचे रकाने, चारही ठिकाणी शून्य. बिलात 'किरकोळ सुधारणा, शुल्क नाही', कारण करारात तसंच लिहिलंय आणि करारावर सही मीच केली आहे.

नवी क्लिप पाहून उत्तर आलं, "आता जान आली. फक्त तो वरचा दांडा अर्ध्याच वेगाने का फिरतो? कामचुकार वाटतो."

तोही पूर्ण वेगाने फिरवला. आता व्हॉल्व्ह पिस्टनच्या डोक्यावर आपटतात, पण तिथे लोगो येणार आहे. पाव फेरीला पिस्टन मात्र अजूनही अर्ध्याच्या जरा खाली जातो. ते कुणाच्या लक्षात आलेलं नाही. मी सांगणारही नाही.